रि: १७ सप्टेंबरचा कार्यक्रम – पासपोर्ट जवळ ठेवा

सचिवांकडून:

नमस्कार मंडळी, यंदा मराठवाडा मुक्तिदिनाचं जेवण जर्मनीच्या हद्दीतल्या केल गावात ठेवलंय, हॉल ट्राम स्टॉपपासून जवळच आहे. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गकडून डी ट्रामनं ऱ्हाइन नदी ओलांडून येणाऱ्यांनी पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट ओरिजिनल आणा, मोबाईलमधल्या फोटोवर भागणार नाही. जर्मनीनं १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनीच्या सीमांवर तपासणी लावलीय. येसर आमटी कोण करणार तेवढं कळवा.

स्ट्रासबर्गच्या ताईंकडून:

आमटी मी करते, येसर आईनं लातूरहून आणलंय. पण दादा, पासपोर्टचं वाचलं आणि राहवलं नाही. मागच्या महिन्यात आईला घेऊन किराणा आणायला निघाले, पूल ओलांडला आणि ट्राममधे दोघं पोलीस चढले, डबा गच्च भरलेला, पण कागद मागितले ते आम्हा दोघींना आणि मागच्या सीटवरच्या एका आफ्रिकन पोराला, बस्स. आईचा पासपोर्ट घरी कपाटात. चूक माझीच, पाहुणी असली तरी पासपोर्ट जवळ पाहिजे हे मला माहीत होतं. नवरा सायकल हाणत घेऊन येईपर्यंत आई प्लॅटफॉर्मवर डोक्यावर पदर घेऊन उभी, बस म्हटलं तरी बसेना.

रात्री म्हणाली, "तुझ्या आजीचं बी असंच व्हायचं गं, करोडगिरीच्या नाक्यावर."

आजीचं माहेर पांगरीकडं, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात, आणि सासर येडशीजवळ, मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. बैलगाडीची अर्ध्या दिवसाची वाट, मधे निजामाचा नाका. माहेरचं गाठोडं तिथं सोडायला लावायचे, नवं लुगडं दिसलं की घडी मोडून बघायचे आणि जकात मागायचे, आणि आजीच्या कनवटीला कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया, तर नाक्यावर हवा निजामाचा हाली रुपया. म्हणून ती माहेरून निघताना दोन लुगडी एकावर एक नेसायची. वैशाखात सुद्धा. हे सांगताना आईचा आवाज बसला होता.

फ्रायबुर्गच्या दादांकडून:

ताई, काकूंना त्रास झाला, वाईट वाटलं. पण २३ ऑगस्ट २०२४ ला झोलिंगेनमधे शहराच्या उत्सवात चाकूहल्ला झाला, तीन माणसं गेली. त्यानंतरच ही तपासणी सगळीकडे लागली. आपली पोरं पण अशाच गर्दीत फिरतात, मी तर माझ्या मुलीला एकटीला पाठवत नाही आता. शेंगेनमधे, म्हणजे युरोपातल्या आपसात सीमातपासणी नसलेल्या पट्ट्यात, २९ देश आहेत, एकदा कुठूनही आत आलं की पुढं कोण विचारतं? सरकारनं हातावर हात ठेवून बसावं असं मला तरी वाटत नाही.

ताईंकडून परत:

मलाही तसं वाटत नाही दादा. पण झोलिंगेनचा तो माणूस त्या आठवड्यात सीमा ओलांडून आलेला नव्हता, तो २०२२ पासून जर्मनीतच होता, बल्गेरियाला परत पाठवायचं ठरलं होतं आणि पाठवलंच नाही. चुकलं ते ऑफिसात, आणि बंदोबस्त लागला ट्राममधे. आई इथं यायच्या आधी लातूरहून रात्रभर रेल्वेनं मुंबईला गेली, दहाही बोटांचे ठसे दिले, बँकेचे कागद, इन्शुरन्स, परतीचं तिकीट, सगळं दिलं. एअरपोर्टवर परत तपासलं. बाहेरच्या सीमेवर कितीही कडक राहा, आमची ना नाही. आतमधे तपासायचं असेल तर अख्खा डबा तपासा, तोंड बघून नको. माझ्या ऑफिसातले निम्मे लोक केलला राहतात आणि रोज पूल ओलांडतात, त्यांना विचारा २०२० च्या मार्चमधे पूल बंद झाला तेव्हा काय झालं. तिकडं कोन्स्टान्झला तर जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या मधे कुंपण घातलं होतं, नवराबायको दोन बाजूंना उभे राहून बोलायचे.

अण्णांकडून (सध्या मुक्काम उदगीर):

पोरांनो, दोघांचंही वाचलं. १९४८ साली रझाकारांचा जोर वाढला तेव्हा आमच्या वडिलांनी रातोरात बिऱ्हाड गाडीत घालून हिंदुस्थानच्या हद्दीतली बार्शी गाठली, गाडीत आई, दोन लहान भावंडं आणि जात्याचा वरचा पेड, तो का घेतला ते त्यांनाही कधी सांगता आलं नाही. बार्शीत कुणी कागद मागितला नाही, एका व्यापाऱ्यानं वखारीत जागा दिली. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारनं हैदराबादची नाकेबंदी केली होती, तिची झळ खेड्यातल्या माणसाला बसली, मीठ मिळेना असं मागं राहिलेले चुलते सांगायचे. आणि निजामाची शस्त्रं? ती सिडनी कॉटन नावाचा वैमानिक रात्री कराचीहून विमानातून आणत होता. नाका रस्त्यावर आणि बंदुका वरून.

तरी नाकाच नको असं मी म्हणणार नाही. शस्त्र रोखायला कुणीतरी उभं पाहिजेच, फक्त उभं कुठं राहायचं ते आधी नीट शोधावं लागतं. पोलिसाला बातमी पाहिजे ताई, तुझं बरोबर आहे, लुगड्याच्या घडीत काही सापडत नसतं.

फ्रायबुर्गच्या दादांकडून:

अण्णा, हे मला माहीत नव्हतं. तपासणी हवी यावर मी ठाम आहे, पण अख्खा डबा तपासा हे ताईंचं म्हणणं पटलं. १७ ला मी स्ट्रासबर्ग स्टेशनवर थांबतो, ज्यांच्यासोबत आईवडील आहेत त्यांनी माझ्याबरोबर एकत्रच ट्राम धरा, मला जर्मन नीट येतं, काही विचारलं तर मी बोलेन. काकूंना सांगा, पासपोर्ट माझ्या खिशात ठेवू हवं तर.

ताईंकडून:

आई नको म्हणते. तिनं पासपोर्टला कापडी पिशवी शिवलीय, गळ्यात घालायची. आमटी किती जणांची करू ते कळवा.