शनिवारचा डी अँड डी आणि मोहिनीचा स्पेल

ए-२०४ (काकू): सी-५०१, तुला इथं सोसायटीच्या ग्रुपवरच एक विचारायचं होतं. शनिवारी क्लबहाउसमध्ये तू मुलांना डी अँड डी, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन गोष्ट खेळायचा तो खेळ, खेळवतोस, त्यात आमच्या धाकटीनं विझार्ड म्हणजे जादूगार घेतलाय. काल जेवताना सांगत होती, गोष्टीतल्या वेशीवरच्या पहारेकऱ्यावर मोहिनीचा स्पेल म्हणजे मंत्र टाकला, त्यानं हसत दार उघडलं आणि आम्ही आतून सगळं घेऊन आलो. मारामारी नाही, रक्त नाही, म्हणून ती फार खूश होती. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं नाही. खेळ बंद कर असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्याचं मन ताब्यात घेणं ही साधी गोष्ट नाही, हे त्यांना कुणी सांगतं का?

बी-४०३: वैनी, खेळ हाय ओ. पोरं मोबाईल बाजूला ठेवून तीन-तीन तास एका टेबलाला बसत्यात, हेच लई झालं.

सी-१०४: जादूटोण्याचं काही सोसायटीत नको. त्याविरुद्ध कायदा आहे.

बी-१०२ (सर): तो २०१३ चा कायदा मी वाचला आहे. अंगात शक्ती असल्याचं सांगून लोकांना घाबरवणारे, लुबाडणारे आणि अघोरी उपाय करणारे यांच्यासाठी तो आहे. गोष्टीतल्या जादूगाराशी त्याचा संबंध नाही. काकूंचा प्रश्न वेगळा आहे आणि महत्त्वाचा आहे. त्याचं उत्तर येऊ द्या.

सी-५०१: काकू, इथं विचारलंत ते बरं केलंत. जरा मोठं लिहितो.

हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी काढला. तेव्हापासून विझार्डची रीत बहुतेक तीच आहे. सुरुवातीला तो पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, सगळ्यात कच्चा असतो, एखाद-दुसऱ्या वारात आडवा होतो. तग धरला तर पुढं त्याच्याइतकं ताकदवान कुणी नसतं. खेळत खेळत पायऱ्या चढल्या की पाचव्या लेव्हलला फायरबॉल म्हणजे आगीचा गोळा मिळतो आणि वीस फूट त्रिज्येतलं सगळं होरपळतं. पालकांना काळजी वाटते ती या फायरबॉलची. मला त्याची फारशी वाटत नाही. गावात कुणी फायरबॉल टाकला तर काय झालं ते सगळ्या टेबलाला दिसतं. घरं पेटतात, माणसं मरतात, बाकीची मुलं ओरडतात, कुणीतरी रुसतं. मोहिनीत यातलं काहीच दिसत नाही. समोरचा माणूस हसतो. कुणाला ओरखडाही उठत नाही, त्यामुळं आपण चांगलं वागलो असं मुलांना वाटतं. म्हणून माझं सगळं लक्ष मनावरच्या स्पेलवर असतं. मोहिनी तर पहिल्याच लेव्हलला मिळते.

आता नियमांचं सांगतो, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. १९७८ च्या पुस्तकात ही मोहिनी किती टिकणार हे समोरच्याच्या बुद्धीवर ठरायचं. तल्लख माणसाला एक-दोन दिवसांत सुटायची संधी मिळायची. अगदी मंद असेल तर ती तीन महिन्यांनी मिळायची. म्हणजे ज्याला स्वतःहून सुटता येत नाही, तोच सगळ्यात जास्त काळ दुसऱ्याच्या ताब्यात. ते कोष्टक वाचलं की मला आजही राग येतो, कारण बाहेरच्या जगातली फसवणूक अशीच चालते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मुदत एका तासावर आणली आणि सोबत एक वाक्य घातलं. स्पेल संपला की आपल्यावर मोहिनी टाकली होती आणि ती कुणी टाकली, हे त्या माणसाला कळतं. अख्ख्या पुस्तकात मला सगळ्यात आवडणारं वाक्य हेच. पुष्कळ टेबलांवर ते सोडून देतात, कारण गोष्ट पुढं न्यायची घाई असते. मी ते सोडत नाही. आपल्या टेबलावर तो तास अजून संपलेला नाही, म्हणून धाकटीनं तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. पुढचं इथं लिहीत नाही, मुलं तुमच्या फोनवरून वाचतात.

ए-२०४ (काकू): वाचतेच आहे. माझ्या हातातून फोन घेतला.

ए-२०४ (धाकटी): दादा हे बरोबर नाही. आपल्या तलवारवाल्यानं त्या पहारेकऱ्याला मारायचं ठरवलं होतं. मी मोहिनी टाकली म्हणून तो जिवंत आहे. मी त्याला वाचवलं आणि आता मीच वाईट?

सी-५०१: तू वाईट आहेस असं मी म्हटलेलं नाही. तू त्याचा जीव वाचवलास, हे अगदी खरं. त्याच्या पहाऱ्यावर चोरी झाली आणि उद्या त्याला जाब द्यावा लागणार, हेही तितकंच खरं. एकामुळं दुसरं खोडलं जात नाही.

ए-२०४ (धाकटी): मग मी नंतर त्याची आठवणच पुसून टाकेन. तसा स्पेल आहे. मी पुस्तकात बघितलाय.

सी-५०१: आहे. दहा मिनिटांपर्यंतच्या प्रसंगाची आठवण पुसता येते, बदलताही येते. विझार्डला तो नवव्या लेव्हलला मिळतो, तू तिसरीवर आहेस. पण प्रश्न चांगला काढलास, म्हणून उलटा विचारतो. मागच्या महिन्यात पार्टीतल्या एकानं तुझ्या विझार्डवर मनाचा स्पेल टाकायचं ठरवलं, तेव्हा तू काय म्हणालीस?

ए-२०४ (धाकटी): चीटिंग आहे म्हणाले. माझं कॅरेक्टर काय करणार ते मी ठरवणार.

सी-५०१: बरोबर. तेव्हापासून आपण नियम केला की दुसऱ्या खेळाडूच्या पात्रावर असा स्पेल टाकायचा तर आधी त्या खेळाडूला विचारायचं. सगळ्यांना एका मिनिटात पटलं. पहारेकऱ्याच्या वेळी कुणालाच ते आठवलं नाही, कारण खेळाडूंची सोडून बाकी सगळी पात्रं मी चालवतो, त्याच्या बाजूनं बोलायला टेबलावर मी एकटाच असतो.

बी-४०३: हे मला पटलं बघा. आमच्या वस्तादांनी मानेचा डाव शिकवायच्या आधी बजावलं हुतं, तालमीभाईर कुणावर हात टाकलास तर परत ह्या मातीत पाय ठेवायचा न्हाई. पण दादा, मग जादू वापरायचीच न्हाई काय? तसं असंल तर विझार्ड घ्यायचा कशाला?

सी-५०१: वापरायची. ताकद वापरता येत नसेल तर ती वापरावी की नाही हा प्रश्नच उरत नाही. मुलांनी विझार्ड घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण आठवी-नववीच्या मुलांना घरात-शाळेत कुणावर सत्ता गाजवायची वेळच येत नाही. इथं येते. आणि ती आली की पहिल्यांदा हात कुठं जातो, ते त्यांचं त्यांना दिसतं.

बी-१०२ (सर): नातू म्हणत होता की पात्राच्या कागदावरच चांगला की वाईट ते लिहिलेलं असतं. मग प्रश्न तिथंच मिटतो की.

सी-५०१: नाही मिटत, सर. सुरुवातीच्या पुस्तकात तीन बाजू होत्या, सुव्यवस्था, तटस्थ आणि अनागोंदी. पुढं त्यात चांगलं-वाईट मिसळून नऊ खाने झाले. कागदावर ‘चांगला’ लिहिलं की मुलं निर्धास्त होतात. आपण चांगल्या पक्षाचे, मग आपण टाकलेली मोहिनीही चांगलीच. आमच्या टेबलावर मी तो रकाना रिकामा ठेवायला सांगतो.

याच्याही पुढं गेलेला एक खेळ आहे, आर्स मॅजिका, १९८७ चा. त्यातले जादूगार एक शपथ घेतात. एकमेकांची जादू हिरावणार नाही, एकमेकांवर जादूनं पाळत ठेवणार नाही. सामान्य माणसांचा उल्लेख येतो तो एवढ्यापुरता, की त्यांच्यात अशी ढवळाढवळ करू नका जिच्यामुळं आपल्या जादूगार बंधूंवर संकट येईल. शेतकऱ्याचं काय होईल याची शपथ कुणीच घेत नाही. ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांनीच नियम लिहिले की ते असे होतात. त्या खेळाची दुसरी बाजू मात्र मला फार आवडते. प्रत्येक खेळाडू कधी जादूगार खेळतो, तर कधी त्याच जादूगाराच्या पदरचा शिपाई किंवा गडी.

ए-३०१: सासूबाई शेजारी बसून ऐकतायत. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत टाइप करते.

“ही तर आपल्या कोल्हापूरच्या टेंबलाई देवीची गोष्ट. त्या कामाक्ष राक्षसाच्या हाती योगदंड आला, त्यानं अंबाबाईसकट सगळ्या देवांची मेंढरं करून टाकली. टेंबलाई म्हातारीच्या रूपानं गेली, दंड काढून घेतला आणि सगळ्यांना होतं तसं केलं. राक्षसाला मारलं. आणि मग आनंदाच्या भरात तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली. अंबाबाई एवढी मोठी, पण ललिता पंचमीला तिची पालखी टेंबलाईला भेटायला जाते. कोहळा फोडतात तो तिथंच. चुकलं तर मोठ्यानं चालत जायचं असतं.”

सी-५०१: आजी, नमस्कार. दंडाची गोष्ट मला माहीत होती, पण पालखीचा भाग मी या खेळाशी कधी जोडला नव्हता. विझार्ड पहारेकऱ्याच्या घरापर्यंत चालत जाईल का, हे शनिवारी टेबलावर नक्की विचारतो.

काकू, तुमची हरकत नसेल तर एक सुचवतो. या शनिवारी पहिला एक तास धाकटीनं विझार्डचा कागद बाजूला ठेवायचा आणि तो पहारेकरी खेळायचा. मोहिनी उतरते तिथून. समोर त्याचा नाईक जाब विचारायला उभा. काय बोलायचं, कुणाचं नाव सांगायचं, सांगायचं की नाही, सगळं ती ठरवेल. मी मधे पडणार नाही.

ए-२०४ (धाकटी): म्हणजे मी माझ्याच विझार्डला पकडून देऊ शकते?

सी-५०१: देऊ शकतेस.

ए-२०४ (धाकटी): आणि तेव्हा माझा विझार्ड कोण खेळणार? तलवारवाल्याला द्यायचा नाही. तो मुद्दाम मरवेल.

सी-५०१: आईला विचार.

ए-२०४ (काकू): मी? मला ते वीस बाजूंचे फासेसुद्धा ओळखता येत नाहीत.

ए-२०४ (धाकटी): मी शिकवते. आई, पण त्याला विचारल्याशिवाय स्पेल टाकायचा नाही हां.

ए-२०४ (काकू): बरं. सी-५०१, किती वाजता यायचं ते कळव. आणि मला आधी त्या पहारेकऱ्याचं नाव सांग, घरी कोण कोण आहे तेही.

सी-५०१: चार वाजता या. नाव अजून कुणी विचारलंच नव्हतं, तुम्ही आणि धाकटीनं मिळून ठरवा. मी लिहून घेतो.