बाकीचे 22 कुठे गेले?

'आतलं मूल' (मोठेपणीही मनात उरलेलं आपलं लहानपण) वगैरे नुसते लाड आहेत, विद्यापीठात आलेली मुलं काही लहान नसतात, असं कुणीतरी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही.

मी पदव्युत्तर वर्गाला शिकवते. एका मुलीला 78 मार्क पडले होते. पेपर घेऊन ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, कोपरा दुमडत, उलगडत, पुन्हा दुमडत. मी शाबास म्हटलं, तर पटकन म्हणाली, "मॅडम, बाकीचे 22 कुठे गेले?" आणि स्वतःच दचकली. घरी चौथीपासून ऐकलेलं वाक्य होतं ते. समोर तेवीस वर्षांची विद्यार्थिनी होती, पण बोलली ती चौथीतली पोर.

मानसोपचारतज्ज्ञ एरिक बर्न यांच्या व्यवहार विश्लेषणात (माणसांचं बोलणं-वागणं समजून घेण्याच्या पद्धतीत) पालक, प्रौढ आणि बालक अशा मनाच्या तीन अवस्था सांगितल्यात. तिच्या बाबतीत पालक (घरून ऐकलेला आवाज) आणि बालक (चौथीतली पोर) दोघंही एका वाक्यात आले. अशा वेळी "अगं, विसर ते" म्हणून काही होत नाही, तो आवाज कुणाचा हे आधी ओळखावं लागतं.

आत्मसन्मान मोजायला समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची 1965 ची 10 विधानांची मोजपट्टी आजही वापरतात. त्यात मार्कांबद्दल एकही विधान नाही! आपण मात्र मुलांना नेमकं तेवढंच विचारतो.

समुपदेशक गाठणं जमत नसेल तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. वर्गाच्या दारामागे मी तो चिकटवून ठेवलाय.