मदत हवी आहे : 'एल्डर' या शब्दासाठी मराठी प्रतिशब्द

सिडनीतील मराठी शाळेच्या अंकासाठी मी शर्ली स्मिथ, म्हणजेच 'मम शर्ल', यांच्यावर एक पानाचा लेख लिहीत आहे. ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल म्हणजे मूळनिवासी लोकांपैकी विराजुरी समाजातील या बाई तुरुंगातल्या ॲबोरिजिनल कैद्यांना नेमाने भेटत, आणि तुमचे नाते काय असे अधिकाऱ्यांनी विचारले की 'मी त्याची आई' असे सांगत. त्यावरूनच 'मम' (इंग्रजीत आई) हे नाव पडले. सिडनीच्या रेडफर्न भागात ॲबोरिजिनल लोकांसाठी १९७० साली कायदेविषयक मदतसेवा आणि १९७१ साली वैद्यकीय सेवा सुरू झाली, त्या दोन्हींच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता.

माझे घोडे अडले आहे ते ॲबोरिजिनल समाजातील 'एल्डर' या मानाच्या शब्दापाशी. 'ज्येष्ठ' लिहिले की एसटीचे सवलतीचे तिकीट डोळ्यांपुढे येते, 'वडीलधाऱ्या' घरापुरते राहते आणि 'मुखिया'ला सत्तेचा वास येतो. हा मान तर निव्वळ वयामुळे नव्हे, परंपरेचे ज्ञान व सेवा पाहून समाजच देतो. मूळ शब्द तसाच ठेवावा, तर वाचक दहा-बारा वर्षांची मुले आहेत आणि तळटिपेला जागा नाही. 'मम' मात्र बदलणार नाही.

स्त्रीलाही शोभेल असा एखादा शब्द आपल्या गावगाड्यात किंवा महाराष्ट्रातील आदिवासी समाजांच्या बोलींत आजही वापरात आहे का?