मदत हवी आहे: राउटर पिंगला उत्तर देतो, बंद करू का?

राम राम मंडळी. मी रावेरचा, घरी फायबरचं कनेक्शन आहे.

परवा भाचा भुसावळहून आला आणि एका वेबसाइटवर आमच्या नेटची तपासणी करून गेला. सगळे पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) बंद, पण एक लाल ओळ: पिंगला उत्तर मिळतंय. तेव्हापासून अण्णांचा जीव टांगणीला! केळीचे पैसे जमा झाले का तेही मोबाइलवर बघत नाहीत.

पिंग १९८३ पासून आहे. नुसतं 'आहे का?' विचारायचं, 'आहे' म्हणायचं. त्याने आत शिरता येत नाही, फार तर पत्ता चालू असल्याचं कळतं, असं मला वाटतं. चुकत असेल तर सांगा.

खरा गोंधळ पुढे आहे. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) १००.७२ ने सुरू होतो, वेबसाइटवर दुसराच दिसतो. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते इंटरनेट कंपन्या आपल्या आतल्या जाळ्यात देतात आणि बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत मिळून वापरतात ना? मग उत्तर माझा राउटर देतोय की कंपनीचं यंत्र? कंपनीचं असेल तर मी इथे सेटिंग बदलून काय उपयोग?

दुसरं, आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) पण चालू आहे. सगळंच आयसीएमपी (नेटवरचे चुका-चौकशीचे निरोप, पिंगही त्यातलंच) अडवलं तर काही साइट अर्धवट उघडतात म्हणे. फक्त पिंगच अडवता येतं का?

आणि हो, कॅमेरे बसवणाऱ्याने डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याचा) पासवर्ड १२३४५६ ठेवलाय, राउटरवर यूपीएनपी (घरातल्या यंत्रांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) चालू. मला तर पिंगपेक्षा याचीच धास्ती वाटते. आधी काय करू?