मज्जारज्जूची दुखापत, सुटलेले पोट आणि पायांतील आग

ऐरोलीहून: माझ्या धाकट्या भावाला मज्जारज्जूची दुखापत होऊन चार वर्षे झाली. दिवेलागण झाली, की ज्या पायांना स्पर्शही कळत नाही त्यांतच निखारे ठेवल्यासारखी आग होते. पाय बारीक झाले, पोट मात्र सुटले. वजन फारसे वाढलेले नसताना या चरबीचा वेदनेशी संबंध असेल का?

कोपरीहून, आहारतज्ज्ञ: असू शकतो, ताई. दुखापतीखालचे स्नायू झिजतात आणि चरबी वाढते, त्यामुळे काटा हलत नाही. म्हणूनच अशा रुग्णांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) 22 च्या पुढे गेला तरी स्थूलता मानावी, असे काही अभ्यासक सुचवतात. पोटातील चरबी दाह, म्हणजे शरीरातील सूज, वाढवणारी रसायने रक्तात सोडते आणि अशी रसायने वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंना अधिक संवेदनशील करू शकतात. कॅनडात 12 आठवडे दाहशामक आहार घेतलेल्या अशाच रुग्णांच्या एका गटाची मज्जातंतूंची वेदना कमी झाली. तथापि तो गट लहान होता, म्हणून औषधे परस्पर बंद करू नयेत. प्रथिनेही कमी करू नका, कारण शय्याव्रणांचा, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमांचा, धोका वाढतो.

कळव्याहून: मी नऊ वर्षे व्हीलचेअरवर आहे. चहासोबतचे फरसाण सोडून भाजलेले चणे घेतो, बांगडा तळण्याऐवजी कालवणात खातो. आग पूर्ण गेलेली नाही, परंतु पोट उतरल्यापासून खुर्ची ढकलताना खांदे पूर्वीसारखे भरून येत नाहीत, आणि मला तेही फार मोलाचे वाटते.

ऐरोलीहून: आभारी आहे. उद्यापासून काट्याऐवजी त्याच्या पोटाचा घेर फितीने मोजून लिहून ठेवीन.