वळणावर बाइक बाहेर जाते. कोर्स करावा का?

रानपाखरू: सरळ रस्त्यावर हात बसलाय, पण वळणात गाडी बाहेरच्या कडेला ओढली जाते आणि नजर नेमकी त्या कडेवरच खिळते. कोर्सने फरक पडतो, की सरावाने सुटेल?

सारथी: कोर्स जरूर करा. मी शिकवतो, म्हणून ठामपणे सांगतो: चुकीचा सराव केला तर चूकच पक्की होते. जिथे बघाल तिथे गाडी जाते. वेग वळणाच्या आधीच कमी करा, मान वळवा, वळण संपतं तिकडे बघा. उजवीकडे वळायचंय? हँडलची उजवी मूठ हलकेच पुढे ढकला, गाडी उजवीकडे झुकेल. ऐकायला उलटं वाटतं, पण वेगात दुचाकी अशीच वळते.

रानपाखरू: आणि ब्रेक? पुढचा दाबायची भीती वाटते, घसरेन म्हणून.

सारथी: ही भीती मला फार काळजीची वाटते. थांबण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, कारण ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो. झटक्यात आवळू नका, दाब वाढवत न्या, मागचा सोबत हलका. ताशी 60 किमीला गाडी सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. वेग दुप्पट, तर ब्रेक लावल्यावरचं अंतर चौपट.

पायवाट: प्रशिक्षक निवडताना एकच बघा: तो तुम्हाला चालवताना बघतो का. नुसत्या व्याख्यानाने मान वळत नाही.

सारथी: अगदी खरं. आणि पहिला सराव मोकळ्या, कोरड्या मैदानात, कमी वेगात.