टेकऑफच्या धावेत १०० नॉटनंतर किरकोळ बिघाड: थांबायचं की उडायचं?

धावपट्टी२७:
व्ही-१च्या (टेकऑफ सोडता येईल असा शेवटचा वेग) आधी इंजिन गेलं तर थांबायचं, नंतर गेलं तर उडायचं, इतकं कळतं. गोंधळ होतो तो बारीकसारीक गोष्टींत. १२० नॉटला बाजूची खिडकी सुटली, टायर फुटला किंवा दोघा वैमानिकांच्या मापकांवरचे वेग जुळेनात, तर काय? आणि थांबायचं ठरलं तर हात कोणत्या क्रमाने जायला हवेत?

डावी_सीट:
आधी एक दुरुस्ती. व्ही-१ला निर्णय घ्यायचा नसतो. त्या आकड्यापर्यंत थांबवण्याची पहिली कृती सुरू झालेली असावी लागते. १४५ नॉटला विमान सेकंदाला सुमारे ७५ मीटर धावतं. दोन सेकंद विचारात घालवले की दीडशे मीटर धावपट्टी गेली.

म्हणून बोईंग ८० नॉटवर आणि एअरबस १०० नॉटवर रेघ ओढते. रेघेच्या आत जवळपास कुठल्याही शंकेला थांबा. पुढे मात्र कारणं मोजकीच: आग, इंजिनाचा जोर जाणं, किंवा विमान उडणार नाही याची स्पष्ट खूण.

खिडकी या यादीत बसत नाही. आवाज भयंकर होतो, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, पण विमान व्यवस्थित उडतं. टायरचंही तसंच. व्ही-१च्या आधीच्या २० नॉटांत तो फुटला आणि इंजिनं ठीक असतील तर उडणं बरं, कारण थांबण्याच्या अंतराचा हिशेब सगळी चाकं शाबूत धरून केलेला असतो.

एअरबस ए३२०मध्ये ८० नॉटपासून १५०० फुटांपर्यंत इकॅम (बिघाड दाखवणारी पडद्यावरची यंत्रणा) बहुतेक इशारे दाबून ठेवतं. त्यामुळे त्या काळात जो इशारा येतो तो गाळून आलेला असतो. बोईंग ७३७ एनजीच्या मास्टर कॉशनला (बिघाडाचा मुख्य इशारा-दिवा) अशी गाळणी नाही, तिथे शिस्त वैमानिकालाच पाळावी लागते.

पिटो_स्टॅटिक:
वेग न जुळणं मात्र किरकोळ समजू नका. माझ्या मते या तिघांत सर्वांत घातक तेच.

६ फेब्रुवारी १९९६, पुएर्तो प्लाता, बर्जेनएअरचं ७५७. कॅप्टनचा वेगमापक चालत नाही हे धावतानाच लक्षात आलं होतं, तरी टेकऑफ चालू ठेवला. इंजिनं ठणठणीत होती. १८९ जण गेले.

वेग मोजणारी पिटो नळी तुंबली की आतला दाब कोंडून राहतो. वर चढताना बाहेरचा स्टॅटिक दाब घटतो, फरक वाढतो आणि काटा वेग वाढल्याचं दाखवतो. त्यावर विश्वास ठेवून नाक वर उचललं की स्टॉल (पंखांची उचल तुटणं) ठरलेला.

म्हणून १०० नॉटला द्यायचा ‘वन हंड्रेड’ हा पुकारा नुसता म्हणून सोडायचा नसतो. आपली स्पीड टेप (पडद्यावरची वेगपट्टी), शेजारच्या वैमानिकाची टेप, मग स्टँडबाय (राखीव) मापक, असे तिन्ही आकडे पाहायचे. जुळत नसतील तर तिथेच थांबा. हवेत गेल्यावर कळलं तर ऑटोपायलट, फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते दाखवणाऱ्या रेषा) आणि ऑटोथ्रस्ट (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) बंद करा. मग ए३२०त, थ्रस्ट कमी करायच्या उंचीखाली असाल तर, १५ अंश पिच (नाकाचा कोन) आणि टोगा (टेकऑफचा पूर्ण जोर). ७३७त फ्लॅप बाहेर असताना १० अंश आणि ८० टक्के एन-१ (इंजिनाच्या पंख्याचा वेग).

उजवी_सीट:
हातांचा क्रम. कॅप्टन ‘स्टॉप’ म्हणतो आणि त्याच क्षणी थ्रस्ट लिव्हर आयडलला, लगेच पूर्ण रिव्हर्स (इंजिनाचा उलटा जोर). ७३७त ऑटोथ्रॉटल सोडवायला विसरू नका. ८४ नॉटखाली तो लिव्हर पुन्हा पुढे ढकलू शकतो.

ब्रेक आपोआप लागतीलच असं नाही, इथे बरेच जण फसतात. ए३२०त ग्राउंड स्पॉयलर (पंखांवर उघडून उचल मोडणाऱ्या फळ्या) ७२ नॉटच्या वर असाल तरच उघडतात आणि ऑटोब्रेक त्यांच्यावर अवलंबून असतो. ७३७चा आरटीओ (टेकऑफ सोडल्यावर लागणारा ऑटोब्रेक) ९० नॉटखाली काम करत नाही. वेग कमी असेल तर पेडल स्वतः दाबा. पायलट मॉनिटरिंगचं (विमान न चालवता लक्ष ठेवणाऱ्या वैमानिकाचं) काम म्हणजे रिव्हर्सर उघडले का, वेग खरंच घटतोय का, हे पाहून बोलणं.

धावपट्टी२७:
आभार. मग व्ही-१ नंतर कधीच थांबायचं नाही?

डावी_सीट:
विमान उडतच नसेल तरच. ८ मार्च २०१७ला अमेरिकेत विलो रन विमानतळावर एका एमडी-८३ विमानाचं एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) अडकलेलं होतं. कंट्रोल कॉलम ओढूनही नाक उठेना, म्हणून कॅप्टनने व्ही-१ ओलांडल्यावर टेकऑफ सोडला. विमान धावपट्टीबाहेर गेलं, पण ११६ही जण वाचले.

इंजिन गेलं असेल तर उलट. नाक उचला, रडरने सरळ ठेवा, चढ दिसला की गिअर वर आणि ४०० फुटांपर्यंत बाकी कशालाही हात नाही. ४ फेब्रुवारी २०१५ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानाचं उजवं प्रोपेलर फेदर झालं (पाती वाऱ्याला समांतर वळून जोर गेला) आणि घाईत डाव्या, चालू इंजिनाचा लिव्हर मागे ओढला गेला. कुठलं इंजिन गेलं हे दोघांनी मोठ्याने म्हणून पक्कं करा, मगच लिव्हर हलवा.

उजवी_सीट:
थांबल्यानंतरचं राहिलं. पार्किंग ब्रेक लावा, केबिनला सूचना द्या, आणि लगेच टॅक्सी करून निघू नका. ब्रेकचं तापमान थांबल्यावरही काही मिनिटं चढत राहतं. फार चढलं तर चाकातले फ्यूज प्लग (उष्णतेने वितळणारी बुचं) वितळून टायरची हवा जाते, आणि ते टॅक्सीवेवर झालं तर विमान तिथेच अडकतं.